उजव्या हाताचा खटला

बेल्लमपल्ली
१२ जून २०२३

आयु. हर्षदीप यास पंचफुला आत्याचा जयभीम.

तू काल संध्याकाळच्या बसनं गेला. पोचला का नाई म्हून फोन लावला, तर तो करणनं उचलला. "हर्षदीप झोपला, आत्याबाई," म्हणे. तू एवढ्या लवकर कधीपासून झोपाले लागला? म्हून हे पत्र तुह्या शाळेच्या पत्त्यावर टाकून राह्यली. शाळेत आलेलं पत्र तरी तुह्याच हातात पडीन.

मले सांग, तुह्या पाठीले काय झालं? नळावर तोंड धुताना तुहा सदरा वर सरकला अन् म्या पाह्यलं. कमरेपासून खांद्यापर्यंत निळं-काळं. तू म्हणला, गाडीवरून पडलो. गाडीवरून पडलेल्या माणसाचे ढोपरं फुटते, कोपरं सोलते. तुहे ढोपरं धुतल्यासारखे साफ होते. पट्ट्याचा वळ कसा उठते ते मले कोणी शिकवाची गरज नाई.

सात-आठ वर्सं झाले असतीन. तू माह्या चुलीपाशी बसून सांगतलं होतं, आत्या, मले पोरी नाई आवडत, पोरं आवडते. म्या म्हटलं, बरं, जेवून घे. तवापासून ते माह्या पोटात हाये, तुह्या बापालेबी सांगतलं नाई. करण तुहा रूम-पार्टनर नाई, तुहा माणूस हाये, हे मले मालूम हाये. अन् आपल्या माणसानं मारलं असं बाईले चार लोकाईत सांगता येते, तुले तेबी सांगता येत नाई, हेबी मले समजते. म्हून मीच इचारून राह्यली.

खरं लिही. खोटं लिहिशील तर मी उटनूरले येऊन बसीन.

तुही आत्या
पंचफुला


उटनूर
२४ जून २०२३

प्रिय आत्या,
सप्रेम जयभीम.

तू उगाच घोर लावून घेतलास. शाळा उघडल्यापासून पुस्तकांचं वाटप, नवीन मुलांची नावं, यातून डोकं वर काढायला वेळ नाही, म्हणून उत्तराला उशीर झाला. पाठीचं म्हणशील तर गाडी घसरली आणि मी मागच्या दगडावर आपटलो. आता दुखतही नाही.

करणबद्दल तुझ्या मनात काही येऊ देऊ नकोस. मागच्या वर्षी मला टायफॉइड झाला तेव्हा ऐन पेरणीच्या दिवसात त्यानं दुकान बंद ठेवलं होतं. खत-बियाण्याच्या दुकानदारानं मृगात दुकान बंद ठेवणं म्हणजे काय, ते इथल्या कोणत्याही शेतकऱ्याला विचार. माझं डोकं मांडीवर घेऊन बसायचा, पेज पाजायचा. मी गाडी शिकलो ती त्याच्याकडून. उटनूरात लोक त्याला करणभाऊ, करण अन्ना म्हणतात, कोणाच्याही अडीनडीला धावतो. कधी पितो, कबूल आहे. हंगामात ताण असतो. प्यायला की आवाज चढतो, एवढंच.

फोन मात्र करू नकोस. करणला माझा फोन बघायची सवय आहे. त्यात वाईट काही नाही, आमच्यात लपवण्यासारखं काय असणार. पण तू वेडंवाकडं काही बोललीस आणि त्यानं ऐकलं तर त्याला लागेल. पत्रं लिही, मला आवडतात.

तुझा
हर्षदीप


बेल्लमपल्ली
९ जुलै २०२३

आयु. हर्षदीप,
जयभीम.

लपवण्यासारखं काही नाई म्हणतं, अन् फोन नको पत्र लिही म्हणतं. तू मास्तर हायेस, तूच हे वाक्य फळ्यावर लिहून पाहाय.

तू गेल्यावर म्या गादी उन्हात टाकली. तिच्याखाली गोळ्याईची पट्टी सापडली, अर्धी खाल्लेली. मेडिकलवाल्याले दाखवली. म्हणे, मावशी, ह्या झोपेच्या हायेत, चिठ्ठीबिगर देत नाई आम्ही, कोणाच्या हायेत? म्या म्हटलं, माह्याच हायेत. तुले झोप येत नाई का, का मार लागू नये म्हून खातं?

आता माही गोष्ट आईक. माहा नवरा, तुहे मामा भिवाजी, खाणीत काम करे. बत्ती बांधाचा रुंद पट्टा असे त्याईचा. प्याले की तोच पट्टा. मारून झालं की मलेच तेल लावून दे, रडे, माह्या पायावर डोकं ठेवे. मी लोकाईले म्हणे, मोरीत घसरली. मी अंगणवाडीत शिकवे, तठल्या बाया माह्याकडं पाहे अन् पोराईले गाणं म्हणाले लावे. मंग एक दिवस तो झोपेतच गेला. लोकं हार घेऊन आले, भाषणं झाले, भिवाजीसारखा दिलदार माणूस नाई म्हणे. मी त्या माणसाच्या मयतीत रडली, बाप्पा. पण मी त्याच्यासाठी नाई रडली. तो फुकट सुटला म्हून रडली. त्याले एका माणसानं इचारलं नाई का भिवाजी, तू हे काऊन केलं. आजबी त्याचा फोटो पुसताना माहे हात शिवशिवते.

त्या करणले फुकट सुटू देऊ नको. आधी तठून निघ. माह्याकडं ये. मंग पाहू त्याच्याकडं.

पंचफुला आत्या


उटनूर
१२ ऑक्टोबर २०२३

प्रिय आत्या,
जयभीम.

तीन महिने तुला लिहिलं नाही. लिहायला बसलो की खोटं लिहावं लागत होतं, म्हणून थांबलो. आज शाळेत सगळे बतुकम्माच्या सणाच्या गडबडीत आहेत आणि मी रिकाम्या वर्गात बसलोय. आज खरं लिहितो.

गाडी घसरली नव्हती. पट्टाच होता.

पहिल्यांदा त्यानं मारलं ते दोन वर्षांपूर्वी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. मी शाळेतल्या सुरेंद्र सरांबरोबर चहा प्यायला थांबलो, घरी उशिरा आलो. थोबाडीत मारली आणि मग स्वतःच इतका रडला की मीच त्याची समजूत काढली. तेव्हापासून असंच चाललंय. दारू पितोच, वरून त्या गोळ्या घेतो. दोन्ही एकत्र झालं की त्याचे डोळे बदलतात, समोर मी आहे हे त्याला दिसतच नाही. तू विचारलंस ते बरोबर आहे. गोळ्या आधी त्यानंच दिल्या, घे, दुखायचं थांबेल म्हणून. आता मीच मागतो. शनिवार आला की दुपारपासूनच घेतो, म्हणजे नंतरचं फारसं कळत नाही. वर्गात कधीकधी पाढे म्हणताना मधलाच आकडा सुटतो. मुलं हसतात.

अजून एक. एरवी हा माझ्या हातचं खातो, माझ्या ताटात खातो. गावाकडून त्याचे वडील उद्धवराव आले की माझं ताट वेगळं, पेला वेगळा. तोच मांडून ठेवतो. मी विचारलं तर म्हणाला, तेवढं चालवून घे. आणि प्यायल्यावर जातीवरून काय काय बोलतो ते मी तुला लिहिणार नाही.

एकदा मी म्हणालो, ठाण्यात जाईन. तो हसला. "जा की," म्हणाला. "काय सांगशील? मी तुझा कोण? नवरा? सांग तसं. तुझा बाप ऐकेल, तुझी शाळा ऐकेल." आत्या, पट्ट्यापेक्षा हेच जास्त लागतं. कारण ते खरं आहे.

त्याचा साखरपुडा झाला, दिवाळीनंतर लग्न आहे. मुलगी पेनगंगेकडच्या गावातली, नीलिमा नाव. आदिलाबादला कापूस बाजाराच्या मागे मामाकडं राहून बी.एड. करते. मला वाटलं, चला, सुटलो. तर म्हणतो, "ती गावाला राहील, तू इथं. काही बदलणार नाही."

तू काही करू नकोस. तुला सांगून मन हलकं झालं, तेवढं पुरे. मी बदलीचा अर्ज टाकतो आणि हळूच निघतो. तू फक्त गप्प राहा.

तुझा
हर्षदीप


बेल्लमपल्ली
२० नोव्हेंबर २०२३

आयु. हर्षदीप,
जयभीम.

तू गप्प राहा म्हणला. मी चाळीस वर्सं गप्प राह्यली, त्याचं काय झालं ते तुले लिहिलं हाये.

मी आदिलाबादले जाऊन आली. दिवाळीच्या आधीच. नीलिमाच्या मामाचं घर पुसत पुसत सापडलं. दारात तिची माय होती, लग्नाच्या खरेदीले आलेली. म्या सांगतलं, मी उटनूरकडची, करणले वळखते, पोरीले पाहाले आली. चहा झाला. माय आत गेली तशी म्या पोरीचा हात धरला.

"बाई, तुले एक सांगू का? तुहा होणारा नवरा हात उचलते."

ती घाबरली नाई. माह्याकडं पाहत राह्यली. मंग हळूच म्हणे, "दारूनं?"

"दारू अन् गोळ्या. पट्ट्यानं मारते. ज्याच्यासंग राहते त्याची पाठ म्या ह्या डोळ्यानं पाह्यली."

"ज्याच्यासंग म्हणजे?"

"माहा भाचा."

तिले समजलं, हर्षदीप. हुशार पोट्टी हाये. मंग म्हणे, "रूममध्ये दोघंच राहतात ना? मला साखरपुड्यात दिसले होते ते. बाजूला उभे होते, जेवलेपण नाहीत." म्या पदर सावरला, उठाले लागली. तिनंच माहा हात दाबला. म्हणे, "मी घरी एवढंच सांगते की दारू पिऊन मारतो. बाकीचं माझ्या तोंडातून जाणार नाही."

पायरी उतरताना माह्या अंगात काय जोर आला होता, काय सांगू. ज्या माणसाले कोणी इचारत नाई त्याचं ताट म्या भरल्या पंगतीतून उचललं. परवा ऐकाले आलं का सोयरीक मोडली. उद्धवराव गावात तोंड लपवून फिरते म्हणे. म्या त्या दिवशी शिरा केला अन् एकटीनं खाल्ला.

आता तू निघ. आता त्याच्याजवळ थांबाले काई कारण नाई.

पंचफुला आत्या


उटनूर
९ जानेवारी २०२४

आत्या,

डाव्या हातानं लिहितोय. अक्षर लागलं नाही तर दुसऱ्यांदा वाच.

नीलिमानं तोंड उघडलं नाही. पण तिच्या आईनं सोयरीक मोडताना उद्धवरावांना सांगितलं की एक म्हातारी आली होती, उटनूरकडची म्हणत होती, बोलणं बेल्लमपल्लीकडचं होतं. एवढं पुरलं. सोयरीक मोडल्यानंतरच्या रविवारी दुपारी करण घरी आला तेव्हा प्यायलेला नव्हता. हे तुला मुद्दाम सांगतो. शुद्धीत होता. आधी विचारलं, "आत्याला कोणत्या हातानं कळवलंस?" मला आधी कळलंच नाही. मग माझा उजवा हात उंबऱ्यावर धरला आणि वरवंटा घातला. पुन्हा पुन्हा घातला. त्यानंतर बाटली उघडली.

खालच्या मजल्यावरच्या घरमालकीण देवकाबाई वर आल्या. दोन वर्षं त्या ऐकत होत्या, कधी वर आल्या नव्हत्या. त्या दिवशी दार ढकलून आत आल्या आणि मला ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. मग आदिलाबादला ऑपरेशन झालं, मनगटात पट्टी आणि स्क्रू घातले आहेत. दोन बोटं वळत नाहीत. डॉक्टर म्हणतात, पुढं थोडी वळतील. सध्या सुरेंद्र सरांच्या घरी आहे.

तू शिरा केलास. मी तो वाचला, आत्या, दवाखान्यात पडल्यापडल्या, सरांनी पत्र आणून दिलं तेव्हा. मी तुला हात जोडून लिहिलं होतं की गप्प राहा. तुला मामांवर काढायचा राग होता तो तू करणवर काढलास, आणि हात माझा गेला. सूड तू घेतलास, तुझ्या अंगात जोर आला. मला काय आलं?

भेटायला येऊ नकोस. मला आत्ता तुझं तोंड बघायचं नाही.

हर्षदीप


बेल्लमपल्ली
१६ जानेवारी २०२४

हर्षदीप,

तू लिहिलं ते सगळं खरं हाये. म्या एकबी शब्द खोडत नाई.

बसमधी बसली होती, उटनूरचं तिकीट काढलं होतं. लक्सेटीपेटले उतरली अन् माघारी आली. तू येऊ नको म्हणला म्हून.

मी माफी मागून तुहा हात जुडत नाई. पण एक सांगते. आता जे कराचं ते तू ठरव. खटला कर म्हणशील तर मी येईन, गप्प बस म्हणशील तर गप्प बसीन, त्याले माफ केलं म्हणशील तर तेबी ऐकून घेईन, दात खाऊन ऐकीन पण ऐकीन. माह्या डोक्यानं आता काई होणार नाई.

आत्या


उटनूर
३ मार्च २०२४

प्रिय आत्या,
जयभीम.

तुझं पत्र खिशात घेऊन बरेच दिवस फिरलो. राग अजून आहे. पण तुला सोडून हे मी कोणाला लिहू?

मी ठाण्यात गेलो. सुरेंद्र सर सोबत येतो म्हणाले, मीच नको म्हटलं. दवाखान्यातून कळवल्यावर एक जबाब झाला होता, त्यात मी जिन्यावरून पडलो असं सांगितलं होतं. तो बदलायचा होता. तिथले लेखनिक तेलुगूत विचारत होते, मी हिंदीत सांगत होतो. सगळं लिहून झाल्यावर त्यांनी विचारलं, "आपका उनसे रिश्ता क्या है? दोस्त?"

मी दोस्त म्हणालो असतो तरी हात मोडलेलाच होता, केस झालीच असती. पण मला त्याचं ते हसणं आठवलं. मी तुझा कोण, सांग तसं. दोन वर्षं त्यानं मला त्या एका प्रश्नावर कोंडून ठेवलं होतं. मी म्हणालो, "दोस्त नहीं. हम मियाँ-बीवी के जैसे रहते थे. चार साल." त्यांचं पेन थांबलं. माझ्याकडं बघितलं, मग खिडकीकडं, आणि जसंच्या तसं लिहून घेतलं. मला वाचून दाखवलं. डाव्या हातानं सही केली.

आत्या, ठाण्याबाहेर येऊन मी पायरीवर बसलो. मनात एकच येत होतं, आता त्याच्याजवळ काय उरलं? माझ्यावर उगारायला त्याच्या हातात जे होतं ते मीच काढून घेतलं होतं. तू आदिलाबादच्या पायरीबद्दल जे लिहिलंस ना, अंगात जोर आला, तो मला तिथं आला. तुझ्यापेक्षा जास्त आला असेल.

करणला अटक झाली, आठवड्यानं जामीन मिळाला. त्याच्या दुसऱ्या दिवशी उद्धवराव सुरेंद्र सरांच्या घरी आले. पाणी दिलं, ते प्याले नाहीत.

"मास्तर, जबाब मागं घ्या. पहिल्यावानी लिहा, जिन्यावरून पडलो."

"काका, जिन्यावरून पडलेल्या माणसाच्या हातावर वरवंट्याचे घाव नसतात."

"आमची इज्जत गेली. गावात लोकं काय काय बोलून राह्यले. ते जे तुमी लिहिलं... तेवढं तरी काढा. मारलं म्हणा. पण ते काढा."

बघ आत्या. पोरानं एका माणसाचा हात ठेचला, त्याचं त्यांना काही नव्हतं. ते काढा. मी त्यांच्यासमोर पाण्याचा तोच पेला उचलला आणि म्हणालो, "तुम्ही आलात की माझा पेला वेगळा असायचा, काका. माझ्या जबाबात मात्र तुमचा मुलगा माझ्याजवळच राहणार." ते उठून गेले. म्हाताऱ्या माणसाला असं बोललो याचं मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

इथं सगळ्यांना कळलं. काही जणांनी मुलांच्या दप्तरात माझ्यासाठी शिव्यांच्या चिठ्ठ्या घातल्या. काही जण आधीसारखेच "सार" म्हणून हात जोडतात. बाबांना कोणीतरी बातमी दाखवली. ते बोलत नाहीत. आई चोरून फोन करते, जेवलास का एवढंच विचारते.

गोळ्या सोडायचा प्रयत्न करतोय. आदिलाबादच्या डॉक्टरकडं जातो. अंगाला घाम सुटतो, मुंग्या चालल्यासारखं होतं. सुरेंद्र सरांच्या पत्नी म्हणाल्या, तुझी आत्या नाही का कोणी? ये. आता ये.

तुझा
हर्षदीप


बेल्लमपल्ली
२८ ऑगस्ट २०२५

आयु. हर्षदीप,
जयभीम.

डोळ्याचं ऑपरेशन झालं, पट्टी हाये. हे शेजारची पोरगी लिहून राह्यली, म्हून जास्त लिहित नाई. कोर्टाच्या प्रत्येक पेशीले मी तुह्यासंग आली, अन् निकालाच्याच पेशीले मले डॉक्टरनं घरी बसवलं. तू फोनवर "दीड वर्साची सजा लागली त्याले, आत्या" म्हणला अन् ठेवून देला. मले सगळं पाह्यजे. कोण काय बोललं, तो कसा उभा होता, सगळं. आईकल्याशिवाय माहा डोळा बरा होणार नाई.

अन् पेढे वाटू का ते कळव. तुले इचारल्याशिवाय आता मी काईच करत नाई.

आत्या


उटनूर
५ सप्टेंबर २०२५

प्रिय आत्या,
जयभीम.

पेढे नको वाटू. फोनवर मला बोलता आलं नाही, म्हणून लिहितो. उजव्या हातानं लिहितोय, ओळी वाकड्या आहेत, पण उजव्या.

माझ्या उलटतपासणीच्या दिवशी तू मागच्या बाकावर होतीस, तुला अर्धं ऐकू आलं नव्हतं. त्याच्या वकिलांनी दवाखान्याचा कागद काढला होता. "तुम्ही नशेच्या गोळ्या घेता?" त्यांना वाटलं मी नाही म्हणेन आणि ते मला खोट्यात पकडतील. मी म्हणालो, "घेत होतो. आधी आरोपीनं दिल्या, मग मी मागून घेतल्या. आता एक वर्षापासून बंद आहेत." "म्हणजे त्या दिवशी तुम्ही नशेत पडला असाल." "नाही. त्या दिवशी आम्ही दोघंही शुद्धीत होतो." वकिलांनी कागद बाजूला ठेवला. मग म्हणाले, आरोपी आणि तुम्ही फक्त भाडेकरू म्हणून एकत्र राहत होता, बाकी सगळं तुमच्या मनाचं आहे. मी करणकडं बघितलं. तो वकिलाकडं बघून मान हलवत होता, हो, हो, असंच आहे. चार वर्षं एका ताटात जेवलेला माणूस मला भाडेकरू म्हणाला. वरवंट्याच्या वेळी मी ओरडलो होतो. कोर्टात नाही ओरडलो. तेव्हा मी ठरवलं की याला पूर्ण शिक्षा झाल्याशिवाय मी थांबणार नाही. मधल्या काळात तडजोडीचे जेवढे निरोप आले ते मी तुलाही सांगितले नाहीत, म्हणजे तू दात खायला नकोस.

देवकाबाईंच्या साक्षीनं खटला फिरला असं सरकारी वकील म्हणतात. त्यांना विचारलं, तुम्ही काय ऐकलं? त्या म्हणाल्या, "शनिवारी ऐकू यायचं. मी टीव्हीचा आवाज वाढवत होती. त्या रविवारी लाइट गेली होती, टीव्ही बंद होता. वरवंट्याचा आवाज आला, पण वाटण वाटल्यावानी नव्हता. मग मी वर गेली."

निकालाच्या दिवशी करण पांढरा शर्ट घालून आला होता. दाढी केलेली. दारू सुटली म्हणतात त्याची, गावच्या घरी असतो, दुकान दुसऱ्यानं घेतलं. उद्धवराव आले नव्हते. न्यायाधीशांनी वाचलं, गंभीर दुखापत सिद्ध झाली, दीड वर्षाची कैद. वकील अपील करणार आहेत, मला माहीत आहे, तो काही दिवसांत बाहेरही येईल. येऊ दे. तोवर तरी आत आहे, आणि बाहेर आला तरी निकाल निकालच राहील.

त्याला नेत होते तेव्हा मी व्हरांड्यात उभा होतो. शिपाई कागदासाठी थांबला आणि आम्ही दोघं हाताच्या अंतरावर आलो. दोन वर्षांत पहिल्यांदा तो माझ्याशी बोलला. आवाज अगदी तसाच, मला ताप असताना पेज खा म्हणायचा तसा.

"खुश झालास?"

मला माहीत आहे त्याला काय हवं होतं. मी रडावं, मान फिरवावी, निदान गप्प राहावं, म्हणजे त्याला आत बसून म्हणता आलं असतं की बघा, याला अजून वाटतं माझ्याबद्दल. आणि आत्या, तो आवाज मला अजून आपला वाटला, हे तुझ्यापासून लपवत नाही. अजून कधी सकाळी उठलो की क्षणभर वाटतं तो स्वयंपाकघरात आहे.

मी त्याच्या डोळ्यात बघून म्हणालो, "हो. झालो."

त्याचा चेहरा पडला. खरंच पडला, तू असतीस तर तुझा डोळा तिथंच बरा झाला असता. मी ते नीट, सावकाश बघून घेतलं. मग शिपायानं त्याला पुढं नेलं, आणि मी देवकाबाईंना घेऊन चहा प्यायला गेलो, त्या सकाळपासून उपाशी होत्या.

तुझा
हर्षदीप